काही करावं लागत नाही

कोल्हापुरात विनाइल आधी उभं आलं आणि मग आडवं झालं. उभं म्हणजे चौकाचौकांतले डिजिटल फलक. बिंदू चौकापासून गंगावेशीपर्यंत रोज कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच, आणि त्या वाढदिवसाचा गॉगल लावलेला नायक ज्यावर छापलेला असतो ते म्हणजे पीव्हीसीचा, म्हणजे विनाइलचाच थर दिलेलं कापड. वाढदिवस सरला म्हणून फलक वाया जात नाही. कुणाच्या गोठ्यावर, कुणाच्या सरपणावर, कुणाच्या वाळवणाखाली त्याची सोय लागते, आणि काही घरांत तो सरळ जमिनीवर येतो. नेत्याचं तोंड खाली करून अंथरायचं, एवढा शिष्टाचार सगळे पाळतात. पाय पडायला नको, आणि कुणी बघायलाही नको. म्हणजे प्लॅस्टिकवर चालायची सवय आम्हाला होतीच. नवं एवढंच, की आता त्यावर नेत्याऐवजी लाकूड छापलेलं आलं आणि ते तोंड वर करून अंथरायचं ठरलं.

या वस्तूचं पाटीवरचं नाव विनाइल फ्लोअरिंग. गिऱ्हाईक दुकानात शिरून 'कार्पेट दाखवा' म्हणतं आणि घरातली आजी शेवटपर्यंत 'रेक्झीन' म्हणते. कुणाचं काही अडत नाही. माल खपतो तो दुकानदाराच्या एका वाक्यावर. लक्ष्मीपुरीत जा, राजारामपुरीत जा, रोल उलगडता उलगडता तो म्हणणारच, "एकदा टाकून घ्या. नंतर काही करावं लागत नाही." या वाक्यानं कोल्हापुरातली कितीतरी घरं कामाला लावली आहेत.

दुकानात येणारं कुटुंब भरगच्च असतं. नवरा, बायको, सासूबाई, ज्याच्या ओळखीनं दुकान काढलं तो साडू, आणि आइस्क्रीमच्या बोलीवर आणलेलं पोरगं. एवढी माणसं येतात, पण खोलीचं माप कुणीच आणत नाही.

"खोली केवढी हाय?"

"मोठी हाय की."

"म्हणजे किती बाय किती?"

"आता बघा, दिवाण बसतोय, कपाट बसतंय, आणि गणपतीत त्यातच मखर बसतंय."

दुकानदार मान डोलावतो. एवढ्या माहितीवरून त्याला चौरस फूट काढता येतात. रोलचा पन्हा बहुतेक दोन मीटरचा, म्हणजे साधारण साडेसहा फूट. खोली दहाची. जोड येणार. तो कुठं घ्यायचा यावर अर्धा तास जातो. दिवाणाखाली घ्यावा हे सासूबाईंचं मत, भिंतीकडं घ्यावा हे साडूचं. पाहुणे ज्या खुर्चीत बसतात तिथून जोड दिसता कामा नये, या एका अटीवर मात्र एकमत होतं. घरच्यांना तो रोज दिसला तरी चालतो.

मग सॅम्पलचं पुस्तक येतं. रस्टिक ओक, स्मोक्ड वॉलनट, नॉर्डिक ॲश. यातलं एकही झाड पन्हाळ्यापासून राधानगरीपर्यंत कुणाच्या बांधावर नाही. पण सुनेनं एका सिरियलमध्ये ओक पाहिलेला असतो, आणि साडूच्या साहेबांकडं वॉलनट आहे. सासूबाई शांतपणे सगळं पुस्तक उलटून बघतात आणि विचारतात, "ह्यात फणस न्हाई व्हय?"

निवड होते ती रंगावर. खरं बघायची गोष्ट दिसत नाही, म्हणून ती कुणी विचारत नाही. या चादरीला थर असतात. खाली चुनखडीची पूड घातलेलं पीव्हीसी, चांगल्या मालात मधे काचतंतूंची जाळी, त्यावर लाकडाचा छापलेला फोटो आणि फोटोवर एक पारदर्शक पापुद्रा. दुकानदार जाडी सांगतो ती सगळ्यांची मिळून. "टू एमएम हाय, बघा." गिऱ्हाईक कोपरा चिमटीत धरून चोळतं आणि "दणकट हाय" म्हणून मोकळं होतं. पण झिजायचं असतं ते वरच्या पापुद्र्यानं, म्हणजे वेअर लेअरनं. घरच्या वापराला तो ०.३ मिलिमीटरचा तरी असावा, दुकानाला-ऑफिसाला ०.५ चा. स्वस्त रोलमध्ये तो ०.१ वर आलेला असतो, खालचं पीव्हीसी मात्र भरपूर. अशा घरात दोन वर्षांत दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एक पांढुरकी पायवाट पडते. घरात कोण किती वेळा चहा मागतं त्याचा तो पुरावाच. तेव्हा विचारायचं असेल तर 'वेअर लेअर किती?' एवढं एकच विचारावं. दुकानदार आधी चमकतो, मग चहा मागवतो.

लाकडाच्या या हौसेचं मला खरंच नवल वाटतं. आमच्या जुन्या वाड्यांत माडीवर खरं लाकूड असायचं. तुळया, तुळयांवर तक्तपोशी, तिच्यावर मातीचा थर आणि वर शेणाचा सारवा. म्हणजे सागवान खाली झाकलेलं आणि पायाला लागायची ती माती. आता नातवंडं त्याच गल्लीतल्या फ्लॅटमध्ये चांगल्या दगडावर लाकडाचा फोटो चिकटवतात. ज्यांच्याकडं लाकूड होतं त्यांनी ते शेणानं सारवलं आणि ज्यांच्याकडं नाही ते त्याच्या गाठी मोजतात. "बघा, गाठ कशी हुबेहूब आलीय." ती हुबेहूब गाठ दर तीन फुटांवर पुन्हा येते, हे पाहुण्यांनी सांगायचं नसतं.

मधल्या काळात आमच्या पायाखालून बराच भूगोल गेला. सीमाप्रश्नावरची तावातावाची भाषणं आम्ही ज्या फरशीवर मांडी घालून ऐकली ती शहाबादी, म्हणजे कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातली. स्वयंपाकघरातला ओटा कडाप्पाचा, म्हणजे आंध्रचा. नव्या बंगल्याला कोटा लागला, तो राजस्थानचा. मग विट्रिफाइड आल्या त्या गुजरातच्या मोरबीहून. महाराष्ट्र पायाखाली यायला विनाइल उजाडावं लागलं, कारण त्याचा एक मोठा कारखाना पालघर जिल्ह्यात बोईसरला आहे. अर्थात आम्ही दुकानात जाऊन मागतो ते 'इम्पोर्टेड'च.

आजी त्याला रेक्झीन म्हणते तेव्हा सून हसते, पण आजी फार चुकत नाही. रेक्झीन म्हणजे कापडावर दिलेला थर, आणि असल्या गुंडाळायच्या जमिनीचा मूळपुरुष लिनोलियमही तसाच. फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजानं १८६० च्या दशकात ते काढलं. जवसाचं तेल घट्ट आटवायचं, त्यात बुचाची पूड मळायची आणि तो लगदा तागाच्या कापडावर थापायचा. जवस आमच्याकडं चटणीला, ताग पोत्याला. फरशी मात्र विलायतेत. विनाइलची कथा याहून गमतीची. १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सीमन हा रसायनतज्ज्ञ रबर धातूला चिकटवायला काहीतरी शोधत होता. पीव्हीसी तेव्हा कडक आणि बिनकामाचं मानलं जायचं. त्यानं ते एका द्रावकात उकळलं, तर लवचिक, रबरासारखं काहीतरी हाती आलं. ते धातूला काही चिकटेना. १९३३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याच कुळातल्या फरशा लोकांनी पाहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्या घराघरांत गेल्या. चिकटवायला म्हणून जे शोधायला गेले आणि न चिकटणारं जे मिळालं, ते आज आमच्या हॉलमध्ये चार डबे सोल्युशन पिऊनही कोपऱ्यात उचलतं. मूळ स्वभाव.

बसवायला मिस्त्री येतो. त्याच्याकडं कटर, पट्टी, दातेरी पत्रा आणि एक शब्द असतो, "बसंल." खालची फरशी उंचसखल आहे. बसंल. उंबऱ्याजवळ खड्डा आहे. बसंल. भिंतीला ओल आहे. उन्हाळ्यात वाळंल, बसंल. आणि बसतंही. मग महिनाभरात खालच्या शहाबादीचे सांधे हळूहळू वर उमटायला लागतात, आणि रस्टिक ओकच्या पोटातून दोन बाय दोनचे चौकोन डोकं वर काढतात. सकाळचं तिरपं ऊन खिडकीतून आलं की वडिलांच्या हातची सगळी फरशी पुन्हा दिसते. खाली लेव्हलिंगचा हात आधी मारला असता तर हे टळलं असतं, पण त्याचा खर्च सांगितला की घरमालकाला खालची फरशी एकदम सपाट दिसायला लागते.

ओलीचंही तसंच. तळमजल्याच्या जुन्या घरात जमीन पावसाळ्यात घाम सोडते. ते समजायला मोठं यंत्र लागत नाही. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून फरशीवर एक दिवस चिकटवून ठेवायचा. काढल्यावर खालून दव दिसलं तर विनाइलचा विचार पुढं ढकलायचा. आणि रोल आणल्या आणल्या कापायचा नाही. तो एक दिवस-रात्र उलगडून त्याच खोलीत पडू द्यायचा, म्हणजे त्याच्या अंगातली गुंडाळी जाते. हे दोन्ही सल्ले मिस्त्रीला माहीत असतात. पण त्याला दुपारी दुसऱ्या साइटवर जायचं असतं.

आमच्या गल्लीत एक निवृत्त वस्ताद आहेत. शेजारच्या घरी विनाइल बसलं तेव्हा ते बघायला आले, उंबऱ्यातच थांबले, पायाच्या अंगठ्यानं दाबून बघितलं आणि म्हणाले, "घरात मॅट घातलासा व्हय?"

हा प्रश्न कोल्हापुरात साधा नाही. माती की मॅट, यावर इथं तालमीच्या कट्ट्यावर पिढ्या बोलत आल्या आहेत. गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव इथल्या राजाराम कॉलेजात शिकले आणि मातीत तयार झाले. १९४८ ला लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅट त्यांच्या पायाला नवी होती, तरी सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊनच परतले. तेव्हापासून मॅटला आम्ही नाइलाजानं मान देतो. आजच्या मॅटला आत फोम असतो आणि वरून विनाइलचंच आवरण, तेव्हा वस्तादांचा अंगठा अगदी बरोबर बोलला होता.

"लई चांगलं आहे, वस्ताद," घरमालक म्हणाला. "काही करावं लागत नाही."

वस्तादांनी ते ऐकून घेतलं. "आमच्या मातीला रोज खोरं लागतंय. पाणी लागतंय. ताक, हळद, लिंबू, तेल, सगळं तिला. आधी ती खाती, मग पैलवान खातोय. ह्याला काय घालता?"

"काहीच नाही."

"मग ह्ये तरी तुम्हाला काय घालणार?" असं म्हणून ते आत आले, आणि बसले ते मात्र सोफ्यावर.

काही करावं लागत नाही, हे एका परीनं खरंच आहे. फरशीला काही करावं लागत नाही. करायचं ते घरातल्यांनी. पहिल्या आठवड्यात फ्रीजवर एक कागद लागतो. सोफा ओढायचा नाही, उचलायचा. आणि त्याच्या पायांना फेल्टच्या टिकल्या लावायच्या. गरम पातेलं खाली ठेवायचं नाही. नेलपॉलिश काढायचं औषध या खोलीत उघडायचं नाही, कारण त्यातलं ॲसिटोन विनाइलचा वरचा थर विरघळवतं. बाबांनी केस रंगवायचे ते बाथरूममध्येच. आजीला मोझॅकवर रॉकेलचा बोळा फिरवून चकाकी आणायची सवय आहे, तिच्यावर लक्ष ठेवायचं. ॲसिड तर नाहीच. कागद पंधरा दिवसांत दुसऱ्या पानावर जातो.

यात सगळ्यात कपटी शत्रू म्हणजे पायपुसणं. रबरी तळाचं पायपुसणं चांगल्या हेतूनं दारात टाकलं जातं, आणि काही महिन्यांनी उचललं की खाली नेमका त्याच मापाचा तपकिरी चौकोन. रबरातली रसायनं विनाइलमध्ये उतरतात. तो डाग घासून जात नाही, कारण तो वर नसतोच, आत असतो. मग त्यावर उपाय म्हणून तेच पायपुसणं पुन्हा तिथंच ठेवतात.

आणि हळद. कोल्हापुरात हळद नाही असा एक सण दाखवा. गौरी येतात तेव्हा उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत त्यांची हळदी-कुंकवाची पावलं उठायलाच हवीत. शेणाच्या जमिनीवर ती दुसऱ्या सारवणात जायची, शहाबादीवर घासून जायची. विनाइलवर गौरी विसर्जनानंतरही घरातच राहतात. हळदीचा पिवळेपणा उन्हात उडतो, हे कुठल्याही गृहिणीला ठाऊक आहे. म्हणून एका घरी पडदे सरकवून पावलांवर आठवडाभर ऊन घेतलं. पावलं फिकी झाली, ओकही झाला. कापराची आणि उदबत्तीची गोष्ट वेगळी, तिथं डाग पडत नाही, सरळ भोक पडतं. ज्या घरात आरतीला सगळ्यांत पुढं उभा राहणारा भाविक मुलगा आहे, त्या घरात देव्हाऱ्यापुढं शहाबादीचा एक तुकडा उघडाच ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुसण्यावरून तर रोज वाद. विनाइलवरची खरी झीज पाण्यानं होत नाही, बारीक वाळूनं होते. म्हणून आधी मऊ झाडू, मग घट्ट पिळलेलं फडकं आणि पाण्यात थेंबभर साधा साबण, एवढंच त्याला लागतं. हे कामाला येणाऱ्या मावशींना पटवून बघा.

"वैनी, पाणी कमी घे म्हणतासा. मग मी पुसतो कशानं?"

"पिळून पुसा मावशी."

"पिळूनच पुसतो की. पण पुसल्यावाणी दिसत न्हाई. उद्या तुम्हीच म्हणशीला, आज मावशीनं पुसलंच न्हाई."

यात मावशींचं चूक नाही. आपल्याकडं पुसलेली फरशी ओली दिसावी लागते, आणि तिच्यावरून एकदा तरी कुणीतरी घसरावं लागतं, त्याशिवाय ती पुसली असं मानत नाहीत.

विनाइलचे गुणही सांगायला हवेत. पडलेला कप फुटत नाही. डिसेंबरात पायाला गार लागत नाही, त्यामुळं गुडघे धरलेल्या आजीनं त्याला मनातून माफ केलेलं असतं. मे महिन्यात मात्र शहाबादीवर उघड्या पाठीनं पडून झोपायचं जे सुख होतं ते गेलं. विनाइलवर दुपारी आडवं झालं तर उठताना पाठ आधी आणि कातडी नंतर येते. शिवाय पंगत. तांबड्या रश्श्याची वाटी लवंडली की पूर्वी 'असू दे, असू दे' म्हणायचे. आता पाहुण्याच्या पानाआधी जमिनीकडं धाव घेतात, आणि पाहुणा वाटी हातात घेऊनच जेवतो.

उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसणाची चटणी कालवायचा दिवस येतो तेव्हा सगळ्यांचा कस लागतो. परात मोठी, तेल मोकळं, कालवणाऱ्या दोघीतिघी, आणि हे काम ओट्यावर उभ्यानं होत नाही, खाली बसूनच होतं. मग त्या लाल तेलापासून विनाइल वाचवायला माळ्यावरून एक जुना फलक काढतात आणि हॉलभर अंथरतात. तोंड खाली करून. वाढदिवसाच्या शुभेच्छा ओकच्या गाठींना टेकलेल्या, आणि वर चटणी.

राहता राहिलं पाणी. 'वॉटरप्रूफ' हा शब्द कोल्हापुरात जपून वापरावा. एका दुकानात विक्रेत्यानं मोठ्या ऐटीत सांगितलं, "पाण्यानं ह्याला काही होत नाही." समोरचं गिऱ्हाईक दुधाळीकडचं, पूरपट्ट्यातलं होतं. त्यानं शांतपणे विचारलं, "किती फुटांपर्यंत?"

आम्ही पाणी फुटांतच मोजतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत ती ५५ च्याही वर गेली. विनाइल स्वतः भिजत नाही हे शंभर टक्के खरं. पण पाणी कडेनं खाली शिरतं, आणि जे वरून आत येऊ देत नाही ते खालून बाहेरही जाऊ देत नाही. पूर ओसरल्यावर घर वाळतं, भिंती वाळतात, गाद्या वाळतात, आणि हॉलमध्ये पाऊल टाकलं की पायाखाली अजून पंचगंगा हलत असते. चिकटवलेलं असेल तर फाडूनच काढावं लागतं.

शाहूपुरीतल्या एका बाईंचं चिकटवायचं राहून गेलं होतं. मिस्त्री 'उद्या येतो' म्हणून गेला होता आणि पाऊस लागला. २०२१ च्या त्या जुलैत पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा त्यांनी घरातलं एकेक वर न्यायला सुरुवात केली. रात्री पुण्याहून नणंदेचा फोन आला.

"वैनी, काय काय वाचलं?"

"टीव्ही वाचला. मिक्सर, तांदळाचं पोतं, गणपतीचा चौरंग वाचला. आणि हॉलची फरशी."

"फरशी?"

"व्हय की. वर नेली. दोघांनी धरून, गुंडाळून, नाडीनं बांधून. माडीवर उभी करून ठेवलीया कपाटाच्या मागं."